सोयरीक : परग्रहीय मित्र आणि आस्वादकांचे कर्तृत्व

१

दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथेचा विचार करताना समीक्षेचे लक्ष बहुधा कथावस्तूवर आणि तिच्यात योजलेल्या विज्ञानावर खिळलेले असते. ती कथा पाहणारा प्रेक्षक पुढे तिचे काय करतो, हा प्रश्न समाजशास्त्राचा समजून बाजूला ठेवला जातो. वस्तुतः तो साहित्याचाच प्रश्न आहे. कारण काही प्रेक्षक पाहून थांबत नाहीत, ते लिहू लागतात. प्रस्तुत लेखात अशा एका लेखनप्रपंचाचा परामर्श घ्यावयाचा असून, त्याचे स्वरूप समजून घेण्यास ‘सोयरीक’ ही मराठी संकल्पना कितपत उपयोगी पडते, हे पाहावयाचे आहे.

‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली आणि ७९ भागांनंतर १९६९ मध्ये बंद पडली. १९८०च्या दशकात दूरदर्शनने ती दाखविल्यामुळे टोकदार कानांचा, भावनांवर तर्काचा अंकुश ठेवणारा स्पॉक भारतीय प्रेक्षकांनाही परिचित झाला. या मालिकेतील ‘जर्नी टू बेबल’ हा भाग १७ नोव्हेंबर १९६७ रोजी प्रथम प्रक्षेपित झाला. तोपर्यंत पृथ्वीवासीयांचा इतर ग्रहांशी संघ आहे, एवढे प्रेक्षकांना ठाऊक होते. परंतु त्या संघातील मित्रलोक प्रत्यक्ष कसे दिसतात, कसे भांडतात आणि कशावर एकमत करतात, याचे दर्शन क्वचितच घडले होते. या भागात निळ्या वर्णाचे अँडोरियन, वादप्रिय टेलराइट आणि स्पॉकचे ज्ञातिबांधव व्हल्कन असे वेगवेगळ्या ग्रहांचे राजदूत एकाच यानात जमतात. कोरिडन नावाच्या ग्रहाला संघात प्रवेश द्यावा की नाही, यावर बेबल येथे निर्णय व्हावयाचा आहे. परिषदस्थळाला दिलेले हे नाव अर्थपूर्ण आहे. बायबलमधील कथेनुसार बेबल हे भाषांची फाटाफूट जेथे झाली ते स्थळ होय.

कथानक राजनैतिक आहे. एका टेलराइट राजदूताचा खून होतो, संशय व्हल्कन राजदूत सारेक याच्यावर येतो आणि शेवटी अँडोरियनाचे सोंग घेतलेला हेर उघडा पडतो. परंतु हा सगळा तपशील मागे सारून प्रेक्षकांच्या मनात राहिले ते एक कुटुंब. सारेक हा स्पॉकचा पिता आहे. त्याची पत्नी अमांडा ही पृथ्वीवरची स्त्री आहे. आणि मुलाने पित्याच्या इच्छेविरुद्ध नोकरी पत्करल्यामुळे पितापुत्रांमध्ये अठरा वर्षे पितापुत्र म्हणून संवाद झालेला नाही. सारेकच्या हृदयावर शस्त्रक्रिया करणे भाग पडते, त्यासाठी मुलाचे रक्त हवे असते, आणि मुलगा कर्तव्याकडे बोट दाखवून यानाचे आधिपत्य सोडावयास नकार देतो. तेव्हा आई त्याच्या थोबाडीत मारते. संघाचा तह कसा टिकेल, या प्रश्नाचे रूपांतर हे घर कसे टिकेल, या प्रश्नात होते.

२

या भागाची लेखिका डोरोथी फोंटाना डी. सी. फोंटाना या आद्याक्षरांनी लिहीत असे, ही गोष्ट येथे दुर्लक्षणीय नाही. कारण मालिकेला ज्यांनी लिखित प्रतिसाद दिला त्यांतही स्त्रियांचेच प्राबल्य होते. १९६७च्या सप्टेंबरमध्ये, म्हणजे हा भाग प्रक्षेपित होण्यापूर्वीच, डेव्हरा लँगसम व शेर्ना कमरफोर्ड यांनी ‘स्पॉकनेलिया’ हे चक्रमुद्रित अनियतकालिक काढले होते. मराठीत याच सुमारास ‘शब्द’, ‘असो’, ‘वाचा’ यांसारख्या अनियतकालिकांनी प्रस्थापित मासिकांशी फारकत घेतली होती, हे आठवल्यास या प्रकारच्या प्रकाशनाची आर्थिक आणि मानसिक पार्श्वभूमी ध्यानात येईल. फरक एवढाच की, मराठी लघुनियतकालिकांचे भांडण प्रस्थापित अभिरुचीशी होते. अमेरिकेतील या चाहत्यांचे भांडण नव्हते, त्यांना अपुरे राहिलेले पुरे करावयाचे होते.

‘जर्नी टू बेबल’ने या अपुरेपणाला नेमकी जागा दाखवून दिली. अमांडाला तिच्या सासरच्या नावाने संबोधावे, तर ते नाव पृथ्वीवासीयाला उच्चारता येण्याजोगे नाही, असे ती कॅप्टन कर्कला सांगते. आणि तुम्हाला तरी येते काय, असे त्याने विचारल्यावर अनेक वर्षांच्या सरावानंतर कसेबसे जमते, अशा आशयाचे उत्तर देते. पटकथेत हा क्षणभराचा विनोद आहे. मराठी वाचकाला मात्र तो निव्वळ विनोद वाटणार नाही. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहून वधूचे जुने नाव पुसण्याची प्रथा ज्या समाजात आहे, त्या समाजातील वाचकाला या एका वाक्यामागे उभे असलेले आयुष्य दिसते. स्वतःचे नाव उच्चारावयास शिकण्यात ज्या स्त्रीची कित्येक वर्षे गेली, ती मुलाशी कोणत्या भाषेत बोलली असेल? भावना व्यक्त करणे जेथे असभ्य मानले जाते, त्या घरात तिने मुलाला जवळ कसे घेतले असेल?

चाहत्या लेखिकांनी हेच प्रश्न विचारले. रूथ बर्मन यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या अनियतकालिकाचे नाव ‘टी-निगेटिव्ह’ असे होते. या भागात स्पॉकचा म्हणून सांगितला गेलेला हा रक्तगट; शस्त्रक्रियेच्या प्रसंगातील एक तपशील नियतकालिकाची मुद्रा झाला. जॅकलिन लिक्टेनबर्ग यांनी ‘क्रेथ’ या कथामालेत व्हल्कन समाजाचे विधी, परंपरा आणि अंतर्गत ताण विस्ताराने कल्पिले. जीन लोरा या इंग्रजीच्या प्राध्यापिकेने १९७६ मध्ये ‘द नाइट ऑफ द ट्विन मून्स’ या कथेत सारेक व अमांडा यांच्या सहजीवनालाच केंद्रस्थान दिले. पुढे १९८४ मध्ये त्यांची ‘द व्हल्कन अकॅडमी मर्डर्स’ ही कादंबरी अधिकृत प्रकाशन म्हणून बाहेर पडली आणि हौशी लेखनातील हे दांपत्य छापील मुख्य प्रवाहात आले.

याहून अर्थपूर्ण उदाहरण एका शब्दाचे आहे. डोरोथी जोन्स यांनी ‘स्पॉकनेलिया’त ‘नी वार’ या व्हल्कन रचनाप्रकाराची कल्पना मांडली. या संज्ञेचा अर्थ ‘दोन रूपे’ असा असून, दोन भिन्न वस्तू किंवा एकाच वस्तूची दोन अंगे परस्परांसमोर ठेवणारी ही रचना आहे. शिव श्रेष्ठ की शक्ती, या वादावर उभी असलेली कलगी-तुऱ्याची परंपरा ज्याला ठाऊक आहे, त्या मराठी अभ्यासकाला हा प्रकार अपरिचित वाटणार नाही. मालिकेत कोठेही नसलेला हा शब्द चाहत्यांच्या भाषेत रुजला. २००२ मध्ये ‘एंटरप्राइज’ या उत्तरमालिकेत एका व्हल्कन यानाचे नाव म्हणून आला. आणि २०२० मध्ये ‘डिस्कव्हरी’ या मालिकेत, व्हल्कन व त्यांच्यापासून फुटून गेलेले रोम्युलन पुन्हा एकत्र नांदू लागल्यावर, त्यांच्या ग्रहालाच ‘नी’वार’ हे नाव मिळाले. एका वाचकाने कल्पिलेला वाङ्मयप्रकार अर्धशतकानंतर मूळ संहितेत ग्रहनाम होऊन परतला. आस्वादकाचे कर्तृत्व म्हणावयाचे ते याला.

३

या लेखनाचा शास्त्रीय अभ्यास पाश्चात्त्य विद्यापीठांत झालेला आहे. १९९२ मध्ये कॅमिल बेकन-स्मिथ आणि हेन्री जेन्किन्स यांचे या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाले. जेन्किन्स यांनी मिशेल द सर्तो यांच्याकडून घेतलेले रूपक चोरट्या शिकारीचे आहे : जमीन दुसऱ्याची, वाचक कुंपण ओलांडून आत शिरतो आणि आपल्या उपयोगाचे ते घेऊन जातो. कथेवर व्यापारी संस्थेचा मालकीहक्क असलेल्या समाजात हे रूपक यथार्थ आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु भारतीय साहित्याच्या अभ्यासकाने ते जसेच्या तसे उचलण्याचे कारण नाही.

जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरण घ्यावे. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांच्या पुढाकाराने पुण्यातून झालेल्या संकलनात एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. त्यांतील सीतेविषयीच्या ओव्यांमध्ये सीता ही सासुरवाशीण आहे, कैकेयी तिला छळणारी सासू आहे, आणि वनवासाचे दुःख राजकारणातून निघून स्वयंपाकघरात येते. वाल्मीकीने जे सांगितले नाही ते दळणाऱ्या स्त्रीने सांगितले. परंतु त्यासाठी तिला कोणाच्या रानात चोरून शिरावे लागले नाही. रामकथा ही तिचीच होती. राजदूताच्या तहापेक्षा त्याच्या पत्नीचे एकाकीपण महत्त्वाचे मानणाऱ्या अमेरिकन लेखिका आणि राज्याभिषेकापेक्षा सीतेचा सासुरवास महत्त्वाचा मानणारी महाराष्ट्रातील स्त्री, या दोघींमध्ये कोणताही ऐतिहासिक संबंध नाही. दोघींची दृष्टी मात्र एकाच ठिकाणी थांबते : परक्या घरात गेलेल्या बाईपाशी.

येथे ‘सोयरीक’ या शब्दाचे सामर्थ्य प्रत्ययास येते. मराठीत हा शब्द विवाहसंबंध आणि घराण्याघराण्यांतील सख्य या दोहोंना लागू पडतो. सिंदखेडचे जाधव, फलटणचे निंबाळकर, शृंगारपूरचे शिर्के यांच्याशी भोसले घराण्याचे जे संबंध जुळले ते विवाहही होते आणि राजकारणही. ज्याच्याशी आपले ‘सोयरसुतक’ नाही त्याच्याशी काही घेणेदेणे नाही, असे भाषाच सांगते. ‘जर्नी टू बेबल’मधील मित्रलोक तहाने बांधलेले आहेत, प्रेक्षकांनी त्यांना सोयरे करून घेतले. आणि सोयरीक जुळली की ओझे कोणावर पडते, हा प्रश्न विचारणे त्यांना भाग पडले. पटकथेच्या अखेरीस, अमांडेशी विवाह का केला, याचे उत्तर देताना सारेक तो त्या वेळी तर्कसंगत वाटला, असे म्हणतो. चाहत्यांचे लेखन या उत्तराने समाधान पावत नाही, म्हणून ते सुरू होते.

४

भारतीय विज्ञानकथेतील परग्रहीय मित्र या पार्श्वभूमीवर पाहिला म्हणजे एक लक्षणीय भेद आढळतो. सत्यजित राय यांची ‘बंकुबाबुर बंधू’ ही कथा १९६२ मध्ये ‘संदेश’ या बंगाली मासिकात प्रसिद्ध झाली. गावातल्या बैठकीत नित्य चेष्टेचा विषय होणाऱ्या शिक्षकाला बांबूच्या बनात परग्रहावरचा एक प्राणी भेटतो आणि त्या भेटीने त्याचा आत्मविश्वास जागा होतो. ‘बंधू’ हा शब्द बंगालीत मित्रवाचक, तर मराठीत भ्राता या अर्थाचा आहे. मराठी वाचक शीर्षकातच एक नाते अधिक वाचतो. कथेत मात्र ते नाते नाही. पाहुणा येतो, बळ देतो आणि निघून जातो. राय यांच्या १९६७च्या ‘द एलियन’ या अखेर न चित्रित झालेल्या पटकथेत तळ्यातून वर आलेल्या यानाचा कळस पाहून गावकरी त्याला देऊळ समजतात. येथे समाजाचा प्रतिसाद कथेच्या आतच रंगविलेला आहे, आणि तो पूजेचा आहे.

जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांची शीर्षकेही याच दिशेने बोलतात. ‘यक्षांची देणगी’ (१९७९) या संग्रहनामात यक्ष हा दाता आहे. ‘प्रेषित’ या कादंबरीचे नाव संदेश घेऊन येणाऱ्याचे आहे. २००३च्या ‘कोई मिल गया’ या हिंदी चित्रपटातील परग्रहवासीयाला तर मुले ‘जादू’ असेच नाव देतात. दाता, प्रेषित, जादू : ही तिन्ही नावे प्रेमाची आहेत, परंतु तिन्ही नावे आपल्या भाषेतली आहेत. त्या परक्याचे त्याच्या घरचे नाव काय, ते उच्चारावयास आपण किती वर्षे सराव करू, हा प्रश्न उद्भवत नाही. देवत्व देणे हाही परक्याला घरात न घेण्याचा एक मार्ग असू शकतो. पूजा उंबरठ्यापाशी संपते, सोयरीक माजघरापर्यंत जाते. हा भारतीय लेखकांचा दोष म्हणता येणार नाही. समाज परक्याला एक तर हसतो, नाही तर पूजतो, हे राय यांनी पुरेपूर ओळखले होते. परंतु त्यापुढची पायरी मुख्यतः वाचकांनी चढावयाची असते, आणि आपल्याकडे विज्ञानकथेच्या वाचकांचे असे लेखन जपून ठेवण्याची व अभ्यासण्याची परंपरा निर्माण झाली नाही.

५

या विवेचनाचे अध्यापनातील स्थान शेवटी सूचित केले पाहिजे. राजधानीच्या परिसरातील वर्गात नोएडासारख्या नगरातून येणारे विद्यार्थी असतात. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या या नगराचे नावही त्याच्या विकास प्राधिकरणाच्या इंग्रजी आद्याक्षरांचे बनलेले आहे. सेक्टर १६-ए मधील फिल्म सिटीतून रात्रंदिवस वाहिन्यांचे कार्यक्रम निघतात, आणि वसाहतींतून अन्य प्रांतांतून आलेली कुटुंबे राहतात. आई मराठी, वडील मैथिली किंवा पंजाबी, शेजार आणि शाळा हिंदी-इंग्रजी, असे घर येथे नवलाचे नाही. अशा घरातील मुलाला स्पॉकचे दुहेरीपण समजावून सांगावे लागत नाही. त्याला विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे : या सोयरिकीत आईच्या भाषेचे काय झाले?

अभ्यासक्रमात ‘जर्नी टू बेबल’, सीतेच्या ओव्या आणि ‘बंकुबाबुर बंधू’ शेजारी ठेवून हा प्रश्न विचारता येईल, आणि विद्यार्थ्यांना अमांडाचे मौन आपापल्या मातृभाषेत लिहावयास सांगता येईल. एखादी विद्यार्थिनी ते मराठीत लिहील, आणि लिहिताना काही शब्द घरी आईला विचारावे लागतील. तिने लिहिलेले परीक्षेच्या उत्तरपत्रिकेबरोबर नष्ट होऊ न देता विभागाने जपून ठेवावे. चक्रमुद्रित पानांवरचा एक शब्द ज्यांनी जपला त्यांच्यामुळेच तो पुढे एका ग्रहाचे नाव होऊ शकला.