अस्थिकलशाचा विमानप्रवास

विमानाने परदेशी जाणाऱ्या अस्थींबद्दल दोन ठिकाणी उत्तर द्यावे लागते. कागदपत्रे तपासणारा विचारतो, या अस्थी कोणाच्या आणि दहन रीतसर झाले का. एक्स-रे यंत्रासमोर बसलेला पाहतो, डब्यात अस्थींखेरीज आणखी काही आहे का. घरातल्या माणसांचे लक्ष त्या दिवसांत तिसरीकडेच असते: कलश तांब्याचा घ्यावा की पितळेचा, वस्त्र कोणते बांधावे, गुरुजींनी काय सांगितले. ते स्वाभाविकच आहे. पण पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे घरून निघतानाच तयार नसली, तर ती परक्या विमानतळावर, मागे रांग खोळंबलेली असताना शोधावी लागतात.

हा प्रवास बहुधा परदेशातून भारताकडे होतो. नाशिकचे रामकुंड, प्रयाग, चेन्नईकरांसाठी रामेश्वर किंवा श्रीरंगमची कावेरी, अशा ठिकाणी विसर्जन व्हावे म्हणून मुले आईवडिलांच्या अस्थी घेऊन येतात. उलट दिशेचा प्रवासही नवा नाही. अमेरिकेत वैद्यकीची पदवी घेऊन परतलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. त्या अवघ्या एकवीस वर्षांच्या होत्या. त्यांच्या अस्थी अमेरिकेत थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आल्या. शिकत असताना ज्या बाईंनी आनंदीबाईंना मुलीसारखे सांभाळले, त्यांनी त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावच्या दफनभूमीत आपल्या घराण्याच्या जागेत ठेवल्या. त्यांच्या नावाचा दगड आजही तिथे आहे. माणसाची माया जिथे जडलेली असते, तिथे अस्थी जाव्यात असे वाटण्यात धर्माविरुद्ध काही नाही, हे एकोणिसाव्या शतकातल्या एका मराठी घराने मान्य केले होते.

प्रस्तुत लेखकाच्या घरी कारण असेच होते. वडील काही वर्षांपूर्वी थोरल्या मुलाकडे न्यू जर्सीत असताना गेले आणि त्यांच्या अस्थी तिथल्याच समुद्रात सोडल्या होत्या. आईचे निधन चेन्नईत झाले. आपल्या थोड्या अस्थी तिकडे जाव्यात, एवढेच तिचे मागणे होते. बेझंट नगरच्या दहनभूमीतून मिळालेल्या अस्थींपैकी निम्म्या तिथल्याच किनाऱ्यावर विसर्जित झाल्या. उरलेल्या मयिलापूरच्या बाजारातून आणलेल्या तांब्याच्या कलशात भरल्या, झाकण लाखेने बंद केले आणि वर लाल वस्त्र बांधले. चेन्नईत दाखला दाखवून काम भागले. वाटेत जिथे विमान बदलायचे होते, तिथे मात्र यंत्राच्या पडद्यावर कलशाच्या जागी नुसता काळा आकार दिसला. तिथले कर्मचारी आदबीने बोलत होते. कलश उघडायला त्यांनी नकार दिला आणि आत काय आहे ते दिसल्याशिवाय सोडायलाही. अखेर लेखकालाच बाजूच्या टेबलावर किल्लीच्या टोकाने लाख खरवडून काढावी लागली. कर्मचाऱ्याने दिलेल्या पारदर्शक पिशवीत अस्थी ओतताना राखेचा बारीक थर टेबलाच्या काळ्या पृष्ठभागावर पसरला. तो त्याच लाल वस्त्राच्या कोपऱ्याने टिपून घ्यावा लागला. तोवर पुढचे विमान निघून गेले होते.

या प्रसंगात चूक कलशाच्या निवडीची होती. सामान तपासणारे यंत्र पदार्थातल्या मूलद्रव्यांच्या अणुक्रमांकानुसार चित्र रंगवते: कापड, कागद, अन्न नारिंगी, काच व क्षार हिरवट, धातू निळे. धातू जाड असला की किरण पलीकडे पोचतच नाहीत आणि चित्र काळे येते. तांब्याची घनता ॲल्युमिनियमच्या तिपटीहून अधिक आहे, म्हणून घरात पवित्र मानलेला धातूच यंत्राला अपारदर्शक ठरतो. पितळ आणि दगड यांचेही तेच. अमेरिकेच्या विमानतळ सुरक्षा यंत्रणेचा नियम या बाबतीत स्पष्ट आहे: चित्र नीट दिसले नाही तर अस्थी आत जाऊ दिल्या जात नाहीत आणि प्रवाशाने स्वतः विनंती केली तरी तिथले कर्मचारी अस्थिपात्र उघडत नाहीत. मृताचा मान राखण्यासाठी केलेला हा नियम आहे आणि तो योग्यच आहे. मात्र त्यामुळे जागेवर तोडगा काढायची सोय उरत नाही. लाकडाचे किंवा प्लॅस्टिकचे हलके पात्र घ्यावे, असे ती यंत्रणाच सुचवते. फिरकीच्या झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत घट्ट बांधलेली जाड पिशवी आणि बाहेर सुती कापडाची थैली एवढे पुरते. मातीचे मडके यंत्राला चालते, पण प्रवासात फुटते. तांब्याचा कलश न्यायचाच असेल तर तो रिकामा, वेगळा, मोठ्या बॅगेत न्यावा आणि पोचल्यावर त्यात अस्थी भराव्यात.

भारतातल्या आणि परदेशातल्या अस्थींत फरक असतो, तोही ध्यानात घ्यावा लागतो. पाश्चात्त्य देशांत दहनानंतर उरलेली हाडे यंत्रात दळून त्यांची भुकटी करतात. प्रौढ माणसाची ही भुकटी साधारण दोन ते तीन किलो भरते. आपल्याकडे राख सावडताना हाडांचे तुकडे हाताने वेचले जातात, त्यामुळे न्यायच्या अस्थी थोड्या पण तुकड्यांच्या स्वरूपात असतात. शिवाय त्या दुधाने किंवा पाण्याने धुतल्या जातात. तमिळ रीतीप्रमाणे मडक्यात दूध घालून तोंड कापडाने बांधतात आणि दहनभूमीतली माणसे मराठी घरासाठीही तेच करून देतात. त्याच दिवशी विसर्जन होणार असेल तर त्यात काही बिघडत नाही. पण दुधाने भिजलेल्या अस्थी चेन्नईच्या दमट हवेत तीन-चार दिवस बंद राहिल्या तर त्यांना वास येतो आणि पिशवीला पाणी सुटते. न्यायचा भाग आधीच वेगळा काढून, स्वच्छ पाण्याने धुऊन, सुती कापडावर पसरून पूर्ण कोरडा करावा. गच्चीवर दोन दिवसांचे ऊन लागते. राखणीला कोणीतरी बसावे.

अस्थींबरोबर ठेवलेल्या वस्तूंनी अनेकांची अडचण होते. फुले, तुळस, तीळ, तांदूळ, दर्भ हे सारे वनस्पतिजन्य पदार्थ आहेत आणि अमेरिका व ऑस्ट्रेलियाच्या विमानतळांवर ते जाहीर करावे लागतात. ऑस्ट्रेलियात लाकडी पात्रही जाहीर करावे लागते. गंगाजल हातातल्या सामानात शंभर मिलिलिटरच्या आतच नेता येते. सुके खोबरे पेट घेऊ शकणारा माल म्हणून विमानात चालत नाही. हे सारे पोचल्यावर तिथल्या दुकानातून घेता येते. डब्यात फक्त अस्थी असाव्यात.

कागदांची बाजू चेन्नईत विशेष जपावी लागते. मूळ कागद दोन: मृत्यूचा दाखला आणि दहन झाल्याचा दाखला. मृत्यूची नोंद १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे २१ दिवसांच्या आत, मृत्यू जिथे झाला तिथल्या निबंधकाकडे होते. शहराच्या हद्दीत ते काम चेन्नई महानगरपालिकेचे. दहनाचा पुरावा म्हणजे दहनभूमीतून मिळणारी पावती, आणि घोळ बहुधा इथेच होतो. तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांना मिळून एकच अक्षर आहे, तसेच प, फ, ब, भ यांनाही. त्यामुळे तमिळमध्ये लिहिलेले गोडबोले हे आडनाव पुन्हा इंग्रजीत उतरवताना कोडपोले होऊ शकते. दुसरे असे की तमिळनाडूत आडनाव लावण्याची रीत नाही. नावाआधी वडिलांच्या नावाचे आद्याक्षर येते. मराठी माणसाचे तीन भागांचे नाव तिथला लेखनिक सवयीने दोन आद्याक्षरे आणि एक नाव असे लिहितो. पासपोर्टवर मात्र पूर्ण नाव असते. परदेशी अधिकाऱ्याला ही दोन वेगळी माणसे वाटली तर त्यात त्याचा दोष नाही.

म्हणून दहनभूमीत अर्ज भरतानाच मृताच्या पासपोर्टची किंवा आधार कार्डाची प्रत पुढे ठेवावी आणि नाव अक्षर-अक्षर जुळवून घ्यावे. दुःखाच्या त्या तासाला हे सुचत नाही. ते काम शेजाऱ्याकडे किंवा कचेरीतल्या एखाद्या तमिळ मित्राकडे सोपवावे. चेन्नईत अशी माणसे न बोलावता येतात. नोंदीत चूक राहिलीच तर त्याच कायद्याच्या पंधराव्या कलमाने निबंधकाकडे दुरुस्ती करून मिळते, पण वेळ जातो. पावती फक्त तमिळमध्ये असेल तर तिचे नोटरीने प्रमाणित केलेले इंग्रजी भाषांतर करून घ्यावे. सोबत नेणाऱ्याचे मृताशी नाते दाखवणारा कागद असावा. सगळ्यांच्या तीन-तीन प्रती काढाव्यात. एक संच डब्याच्या थैलीत, एक अंगावरच्या पिशवीत, एक घरी. मृत व्यक्ती अमेरिकन नागरिक असेल तर चेन्नईतल्या अमेरिकन वकिलातीला कळवावे लागते, म्हणजे मृत्यूचा अहवाल वकिलातीकडून मिळतो. तिकडच्या बँका आणि पेन्शनची कामे त्यावरच होतात.

विमान कंपन्यांचे नियम एकसारखे नाहीत. काही कंपन्या अस्थी फक्त हातातल्या सामानात नेऊ देतात, काही दोन्हीकडे, काहींना आधी कळवावे लागते. तिकीट काढण्यापूर्वी ईमेलने विचारावे आणि आलेले उत्तर छापून जवळ ठेवावे. फोनवर मिळालेल्या होकाराचा काउंटरवर उपयोग होत नाही. तिकीट एका कंपनीचे आणि विमान दुसऱ्या कंपनीचे, असे आता सर्रास असते. अशा वेळी विमान चालवणाऱ्या कंपनीचा नियम लागू होतो. नियमाने परवानगी असली तरी अस्थी मोठ्या बॅगेत घालू नयेत. बॅग हरवली तर कंपनी भरपाई देते, अस्थींची भरपाई होत नाही. सगळ्या अस्थी एकदम न नेता थोडा भाग घरी राखून ठेवणे शहाणपणाचे. आणि विमान बदलायचे असेल तर मध्ये पुरेसा वेळ हवा. चेन्नईहून अमेरिकेला जाताना वाटेत किमान एकदा नवी तपासणी होते, आणि अस्थी हातात असताना घाईचे तिकीट घेणे धोक्याचे आहे.

तपासणीच्या रांगेत थैली पट्ट्यावर ठेवण्याआधी कर्मचाऱ्याला हळू आवाजात सांगावे आणि दाखला पुढे करावा. स्वतंत्र खोलीत तपासणी करा, अशी विनंती बहुधा मान्य होते. अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांत ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त भुकटी असेल तर जास्तीची तपासणी करण्याची पद्धत २०१८पासून आहे. मानवी अस्थींना त्यातून सूट आहे, हे माहीत असलेले बरे. अमेरिकेत उतरताना पूर्ण दहन झालेल्या अस्थींवर तिथल्या आरोग्य खात्याची कोणतीही अट नाही. जर्मनीत गोष्ट वेगळी आहे. तिथल्या बहुतेक राज्यांत अस्थी घरी ठेवण्यास मनाई असून त्या दफनभूमीतच ठेवाव्या लागतात, म्हणून तिकडे न्यायच्या असतील तर आधी तिथल्या अंत्यसंस्कार करणाऱ्या संस्थेशी बोलावे.

परदेशातून चेन्नईकडे येताना भारतीय वकिलातीचे ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यासाठी मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला आणि मृताचा पासपोर्ट लागतो. पासपोर्ट भारतीय असेल तर तो रद्द करून परत मिळतो. अमेरिकेतल्या दहनगृहात प्रत्येक देहाबरोबर क्रमांक कोरलेली धातूची चकती असते आणि ती अस्थींच्या पिशवीत येते. ती काढून टाकू नये. ओळख टिकते ती अशाच नोंदींनी. क्रांतिकारक श्यामजी कृष्ण वर्मा ३० मार्च १९३० रोजी जिनिव्हात वारले. त्यांच्या आणि पत्नी भानुमतींच्या अस्थी तिथल्या दफनभूमीत जपून ठेवलेल्या होत्या. त्या ऑगस्ट २००३मध्ये मुंबईला आणल्या गेल्या, तोवर त्र्याहत्तर वर्षे लोटली होती. इतक्या वर्षांनी त्या कोणाच्या याबद्दल शंका उरली नाही, कारण कलशांची नोंद शाबूत होती.

परदेशी विसर्जनालाही नियम आहेत. इंग्लंडमध्ये नदीत अस्थी सोडता येतात. लेस्टर परिसरातल्या सोर नदीवर हिंदू कुटुंबे त्यासाठी येतात. अमेरिकेत समुद्रात अस्थी सोडायच्या तर किनाऱ्यापासून किमान तीन सागरी मैल आत जावे लागते आणि तीस दिवसांच्या आत पर्यावरण खात्याला कळवावे लागते. पाण्यात विरणारी खरी फुले चालतात. प्लॅस्टिक व धातूचे काहीही टाकता येत नाही. न्यू जर्सीत भाड्याची नाव ठरवताना नावाड्याला हे अंतर आधी सांगावे, कारण मासेमारीच्या फेरीतल्या काही नावा इतक्या आत जात नाहीत. वाऱ्याकडे पाठ करून, पाण्याच्या अगदी जवळ हात नेऊन अस्थी सोडाव्यात. उंचावरून सोडल्या तर राख नावेतच परत येते. डबा, पिशवी आणि वस्त्र नावेतून परत आणावे आणि खात्याला पाठवायच्या पत्रासाठी विसर्जनाची तारीख आणि जागेचे अक्षांश-रेखांश नावाड्याकडून तिथेच लिहून घ्यावेत.