प्रकाशसंश्लेषण : पानाचा जमाखर्च



मी कला शाखेचा पदवीधर, बँकेतील कारकून. विज्ञानावर लिहिण्याचे धाडस करतो आहे ते दोन प्रश्नांमुळे. पावसाने बरेच दिवस उघडीप दिली होती, तेव्हा साखऱ्याचे एक शेतकरी काउंटरवर म्हणाले, "साहेब, युरियाचं एक पोतं जास्तीचं टाकलं, तरी सोयाबीन हललं नाही. पैसा गेला कुठं?" दुसरा प्रश्न विहाराच्या आवारात एका विद्यार्थिनीने विचारला, "काका, पिंपळ रात्रीसुद्धा प्राणवायू सोडतो, हे खरं का?" दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच क्रियेत आहे.

क्रिया कशी घडते?

हिरव्या पानाच्या पेशींत हरितलवके असतात व त्यांत हरितद्रव्य असते. ते सूर्यप्रकाश शोषून घेते. या ऊर्जेने मुळांकडून आलेल्या पाण्याचे विघटन होते आणि प्राणवायू बाहेर पडतो. म्हणजे हा प्राणवायू कर्बवायूतून नव्हे, तर पाण्यातून येतो. हा पहिला टप्पा प्रकाशाशिवाय होतच नाही. दुसऱ्या टप्प्यात, पर्णरंध्रांतून आत आलेल्या कर्बवायूपासून पहिल्या टप्प्यातील ऊर्जेच्या साहाय्याने साखर तयार होते. ही झाली जमा. झाडाचे श्वसन मात्र रात्रंदिवस चालू असते; तो खर्च. जी शिल्लक उरते, तीच खोड, दाणा आणि शेंग.

वेग कशावर ठरतो?

प्रकाश, कर्बवायू, तापमान, पाणी व अन्नद्रव्ये या गोष्टींवर वेग ठरतो. इंग्रज शास्त्रज्ञ ब्लॅकमन यांनी १९०५ साली मर्यादक घटकाचा नियम मांडला. जो घटक गरजेच्या मानाने सर्वांत कमी पडतो, तोच वेग ठरवतो. बाकीचे कितीही वाढवले तरी उपयोग नाही.

हवेत कर्बवायू जेमतेम ०.०४ टक्के असतो. भर उन्हात अनेकदा तोच अपुरा पडतो. श्रावणातल्या ढगाळ दिवशी मात्र प्रकाश अपुरा पडतो. उष्णतेचेही तसेच आहे. सोयाबीन, तूर, कापूस, हरभरा, गहू यांचा वेग साधारण ३५ अंशांच्या पुढे मंदावू लागतो. ज्वारी, मका व ऊस यांच्या पानांत कर्बवायू आधी चार कर्बअणूंच्या संयुगात पकडून ठेवण्याची सोय असते, म्हणून ही पिके कडक उन्हातही चांगले काम करतात.

करून पहा

तळ्यातील हायड्रिलाची ताजी फांदी पाण्याच्या काचेच्या भांड्यात, कापलेले टोक वर ठेवून बुडवा. विजेचा दिवा ४० सेंटिमीटरवर ठेवून मिनिटाला किती बुडबुडे येतात ते मोजा. मग दिवा २० व १० सेंटिमीटरवर आणा. पाणी तापू नये म्हणून मध्ये पाण्याने भरलेली काचेची बरणी ठेवा. बुडबुडे वाढतील, पण एका मर्यादेनंतर दिवा जवळ आणूनही वाढणार नाहीत. आता पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. सोड्यातून कर्ब मिळताच बुडबुडे पुन्हा वाढतील. ब्लॅकमनचा नियम तुमच्या डोळ्यांसमोर सिद्ध होईल.

दोन प्रश्नांची उत्तरे

त्या शेतकऱ्याच्या शेतात पाणी कमी पडले होते. पाणी तुटले की झाड पर्णरंध्रे मिटून घेते, कर्बवायू आत जात नाही आणि साखर बनणे मंदावते. कोरड्या मातीत मुळे खतही नीट उचलत नाहीत. शिवाय सोयाबीनच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू पिकाला हवेतील नत्र मिळवून देतातच. त्या वेळी पोत्यापेक्षा एक पाळी पाणी किंवा ओल टिकवणारी कोळपणी जास्त कामाची होती.

पिंपळाचे उत्तरही याच नियमात आहे. रात्री प्रकाश शून्य, म्हणून पाण्याचे विघटन शून्य आणि प्राणवायूही शून्य. निवडुंगासारख्या काही वनस्पती रात्री कर्बवायू साठवतात, पण प्राणवायू त्याही दिवसाच सोडतात. बोधिवृक्ष आपल्याला वंदनीय आहे तो त्याखाली घडलेल्या ज्ञानप्राप्तीमुळे. त्यासाठी चुकीच्या समजाचा आधार नको.

मित्रांनो, ऐकलेले लगेच मानू नका, मोजून पहा. आणि घरी कोणी खताचे पोते आणायला निघाले, तर आधी विचारा : आपल्या शेतात आज कमी काय पडते आहे?