नभोवाणी पत्रकाराचे दप्तर

रोजनिशी व पत्रे यांचा विचार आपण मागील उपघटकात केला. आता नभोवाणीवरील पत्रकाराच्या कागदपत्रांकडे वळू. वृत्तपत्रातील बातमी फाइलीत उरते. नभोवाणीची बातमी पूर्वी उच्चारताच विरून जाई. रोजच्या बातमीपत्राचे ध्वनिमुद्रण क्वचितच जपले जाई. मागे राही ती संहिता : पेन्सिलीने खोडलेले शब्द, श्वासासाठी मारलेल्या तिरप्या रेघा, अवघड गावनावाचा समासात लिहिलेला उच्चार. आकाशवाणीचे नागपूर केंद्र 1948 मध्ये सुरू झाले. तेव्हापासून वऱ्हाडाच्या कानी पडलेली मराठी कशी घडत गेली, हे अशा खुणांवरूनच कळू शकते.

असे दप्तर लावताना खाजगी कागद बाजूला काढण्याचा मोह होतो. तो टाळावा. अमरावतीचे वकील व लोकमान्य टिळकांचे सहकारी दादासाहेब खापर्डे (1854–1938) पत्रकार नव्हते. तरी त्यांच्या इंग्रजी रोजनिश्यांचे उदाहरण येथे बोलके आहे. त्या नवी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. वकिली, राजकारण, भेटीगाठी, प्रवास असे सारे त्यांत एकत्र येते. म्हणूनच त्या टिळकांच्या अभ्यासकाला हव्या असतात आणि 1911-12 मधील शिर्डीच्या मुक्कामामुळे साईभक्तांनाही. केवळ ‘कामाचे’ तेवढेच ठेवले असते, तर शिर्डीची पाने रद्दीत गेली असती.

स्वयंअध्ययन : अकोला वा अमरावती येथील एखाद्या निवृत्त निवेदकाच्या संमतीने एक संहिता पाहा. खोडलेला शब्द व त्याजागी आलेला शब्द यांची नोंद करा. श्रोत्यांची पत्रे मिळाल्यास ती पाकिटासह ठेवा. पत्रावर तारीख नसली तरी टपालाचा शिक्का ती सांगतो.