गुन्हेगाराची पूर्वकथा : ‘द गॉडफादर – भाग दुसरा’

चित्रपटात गुन्हेगाराचे बालपण दाखविले की त्याच्या गुन्ह्यांवर सहानुभूतीचे पांघरूण पडते, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो पारखून पाहण्यासाठी मी फ्रान्सिस फोर्ड कपोला यांचा १९७४ सालचा ‘द गॉडफादर – भाग दुसरा’ हा चित्रपट निवडला आहे.

१९७२ च्या पहिल्या चित्रपटात मार्लन ब्रँडोने व्हिटो कॉर्लिओनेचे वार्धक्य रंगविले. येथे रॉबर्ट डी निरो त्याचे तारुण्य उभे करतो. एकाच व्यक्तिरेखेसाठी दोघांनाही ऑस्कर मिळाले. सिसिलीत घरची माणसे मारली गेल्यावर नऊ वर्षांचा व्हिटो १९०१ मध्ये एकटाच अमेरिकेत उतरतो. एलिस बेटावर त्याच्या गावाचे नावच आडनाव म्हणून नोंदले जाते. १९१७ मध्ये तो न्यूयॉर्कच्या इटालियन वस्तीत किराणा दुकानात राबत असतो. वस्तीतला खंडणीखोर फानुची आपल्या नात्यातल्या पोराला तेथे चिकटवितो आणि व्हिटोची नोकरी जाते. येथवर आपण त्याच्याच बाजूचे असतो.

पण पुढे काय होते? फानुची चोरीच्या मालात वाटा मागतो. जोडीदार पैसे द्यायला तयार असतात. व्हिटो मात्र त्याला संपवायचे ठरवितो. रस्त्यावर संत रॉकोची मिरवणूक चाललेली असताना तो घरांच्या छपरांवरून त्याचा माग काढतो, खून करतो, पिस्तुलाचे तुकडे धुराड्यांत टाकतो आणि घरी परतून तान्ह्या मायकेलला कुशीत घेतो. या प्रसंगात संताप नाही, हिशेब आहे. नोकरी दुसऱ्याने हिरावली. खुनाचा मार्ग मात्र त्याने स्वतः पत्करला.

नंतर तो एका विधवेसाठी घरमालकाकडे रदबदली करतो. प्रथम धुडकावून लावणारा मालक, हा कोण हे कळताच थरथरत येतो आणि भाडेही कमी करतो. विधवेचे भले झाले खरे. पण ते भयाच्या बळावर. वस्तीतला एक खंडणीखोर गेला आणि त्याच्या जागी अधिक सभ्य माणूस बसला, एवढाच फरक मला दिसतो.

व्हिटोच्या तारुण्याची कथा मारिओ पुझो यांच्या १९६९ च्या कादंबरीत आहेच. तिच्या शेजारी मायकेलची १९५८ नंतरची कथा मांडली, ती चित्रपटाने. बाप कुटुंबासाठी खून करतो. त्याच मार्गाने चालणारा मुलगा सख्ख्या भावाला मारवितो व अखेर एकटा उरतो. दोन काळ आलटूनपालटून पाहताना आरंभाचा न्याय शेवट करतो.

म्हणून मला वाटते, दोष पूर्वकथेचा नाही. ती अर्ध्यावर सोडण्याचा आहे. कारण कळणे म्हणजे निर्दोष ठरविणे नव्हे. साहित्याच्या विद्यार्थ्याने हा भेद पडद्यासमोरच्या अंधारातही विसरता कामा नये.