हाताची विद्या

विद्या दोन मार्गांनी मिळते. एक ग्रंथ वाचून आणि दुसरी हाताने काम करता करता. लोहार तापलेल्या लोखंडाच्या रंगावरून घाव केव्हा घालावा हे ओळखतो. सुतार लाकडाच्या रेषा पाहून रंधा कोणत्या दिशेने चालवावा हे ठरवतो. ही विद्या ग्रंथांतील विद्येपेक्षा कमी योग्यतेची नाही. परंतु ती बहुधा मुकी असते. एखाद्या कसबी कारागिराला विचारावे, "हे आपणांस कसे कळले?" तर तो हसून म्हणतो, "सवयीने!" त्यामुळे त्याची विद्या पुष्कळदा त्याच्याबरोबरच नाहीशी होते.

जे टिपून ठेवले जाते, ते टिकते. याचे थोर उदाहरण आपल्या खानदेशातच आहे. जळगावजवळील असोदे गावी १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात राबताना आणि जात्यावर दळताना त्यांच्या मुखातून गाणी येत. त्यांचे पुत्र सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी ती कागदावर उतरवून घेतली. १९५१ साली बहिणाबाई निवर्तल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या गाण्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. ती वही नसती, तर केवढा ठेवा आपण गमावला असता!

आज अशी वही जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात आहे. ती म्हणजे भ्रमणध्वनी, अर्थात मोबाईल. भारतात भ्रमणध्वनीवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्ली या शहरांदरम्यान झाले. तेव्हा तो केवळ बोलण्याचे साधन होता. आता त्यात छायाचित्र घेता येते आणि आवाजही साठवता येतो. हात तेलाने माखलेले असताना लेखणी धरणे अवघड असते. पण हात पुसून एक चित्र टिपण्यास किंवा आपल्या बोलीत दोन वाक्ये बोलून ठेवण्यास कितीसा वेळ लागतो?

याचा उपयोग कसा होतो, ते पाहू. पाचोरा हे मुंबई-भुसावळ लोहमार्गावरील तालुक्याचे गाव. भोवतालच्या शिवारात विहिरींवर विजेचे पंप चालतात. पंपाची मोटार जळाली, की पीक पाण्यावाचून सुकू लागते आणि शेतकरी मोटार घेऊन घाईघाईने दुरुस्तीच्या दुकानात येतो. अशा एका दुकानात एक मुलगा उमेदवारी करीत आहे, अशी कल्पना करा.

जळालेली मोटार उघडल्यावर आतील तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या कापून काढाव्या लागतात. एकदा तार कापली, की जुनी मांडणी पुन्हा पाहावयास मिळत नाही. म्हणून मुलगा आधी चित्रे घेतो. खाचा किती, गुंडाळी कोणत्या खाचेतून निघून कोणत्या खाचेत शिरते, जोडण्या कशा आहेत, हे सारे त्यात येते. मग तो तारेची जाडी मोजतो, वेढे मोजतो आणि ते आकडे बोलून ठेवतो. नवी तार भरताना या नोंदी त्याचा हात धरून चालतात.

पण खरा लाभ याहून मोठा आहे. रात्री घरी तो त्या दिवसाची चित्रे पाहतो आणि स्वतःला चार प्रश्न विचारतो : आज मी काय केले? कोठे अडलो? का अडलो? उद्या निराळे काय करीन?

एके रात्री त्याच्या ध्यानात येते, की तीन फेजच्या त्या मोटारीत दोन फेजच्या गुंडाळ्या काळ्या पडल्या आहेत, तिसरीच्या मात्र स्वच्छ आहेत. मागील महिन्यातील चित्रे पाहावी, तर त्याच शेतकऱ्याची मोटार तेव्हाही अशीच जळालेली! सकाळी तो ती दोन्ही चित्रे मिस्त्रींपुढे ठेवतो.

मिस्त्री म्हणतात, "शाबास, पोरा! मोटार जळाली हे सर्वांना दिसते. का जळाली हे तू पाहिलेस. एक फेज तुटली आणि साऱ्या कामाचा भार उरलेल्या दोहोंवर पडला. चल, त्यांच्या विहिरीवरचा फ्यूज आणि स्टार्टर पाहून येऊ."

तेथे एका फ्यूजची जोडणी सैल झालेली आढळते. ती नीट केली नसती, तर नवी तारही जळाली असती आणि शेतकऱ्याचा पैसा व पीक दोन्ही पुन्हा धोक्यात आले असते.

काम करून त्यावर विचार करण्याची ही रीत जगात इतरत्रही आहे. स्वित्झर्लंडमध्ये उमेदवार आपल्या शिक्षणाची नोंदवही ठेवतात. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे पाव-बिस्किटे भाजण्याचे काम शिकणाऱ्या तरुणांनी भ्रमणध्वनीच्या साहाय्याने आपल्या कामाच्या नोंदी जमविल्या. आपल्या देशातही १९६१ च्या उमेदवारी अधिनियमाने प्रत्येक उमेदवाराच्या प्रगतीची नोंद ठेवणे मालकाचे कर्तव्य ठरविले आहे. तथापि उमेदवाराने स्वतः ठेवलेली नोंद अधिक मोलाची. कारण ती ठेवताना त्याला विचार करावा लागतो.

मात्र, मुलांनो, काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. यंत्र चालू असताना किंवा विजेच्या तारेला हात लावण्याच्या वेळी भ्रमणध्वनी दूर ठेवावा. क्षणभर लक्ष विचलित झाले, तरी प्राणावर बेतू शकते. दुसऱ्याच्या वस्तूचे वा कामाचे चित्र त्याच्या परवानगीवाचून घेऊ नये. आणि चित्र जमविणे म्हणजे विद्या मिळविणे, असेही समजू नये. हजार चित्रे साठविली, पण एकही पुन्हा पाहिली नाही, तर ती वही कोरीच राहिली म्हणावयाची.

हाताने काम करावे, डोळ्यांनी ते नीट पाहावे आणि मनाने त्याचे कारण शोधावे. असे करणाऱ्याच्या हाताची विद्या मुकी राहत नाही. ती पुढच्या उमेदवारालाही शिकवू लागते.

स्वाध्याय

१. हाताची विद्या 'मुकी' असते, असे लेखक का म्हणतो?
२. बहिणाबाईंचे उदाहरण या पाठात कशासाठी दिले आहे?
३. तार कापण्यापूर्वी उमेदवार कोणकोणत्या गोष्टी टिपून ठेवतो?
४. मोटार दुसऱ्यांदा जळण्याचे कारण कोणते? ते कसे सापडले?
५. वाक्यांत उपयोग करा : हात धरून चालणे, प्राणावर बेतणे, ध्यानात येणे.
६. तुमच्या गावातील एखाद्या कारागिराचे काम त्याच्या परवानगीने पाहा व त्याविषयी दहा ओळी लिहा.