खोका बांधण्याआधी

भाचेबाई, यंदा दादाला परदेशी फराळाचं पार्सल तू स्वतः पाठवणार म्हणालीस, ऐकून फार बरं वाटलं. लाडू वळायला तू शिकलीस, आता ते पाठवायलाही शीक. पार्सलचे पैसे काउंटरवर घासाघीस करून वाचत नाहीत गं. ते आपल्या ओट्यावर वाचतात, खोका निवडताना, वजन करताना, पत्ता लिहिताना. मी म्हणते ना, पार्सलचं बिल घरी ठरतं, पोस्टात नुसतं छापतात.

१. किती दिवसांत पोचायला हवं ते आधी ठरव, कशाने पाठवायचं ते मग — घाई विमानाने जाते, सबुरी रेल्वेने, आणि भाड्यातला फरक आपल्याच पर्समधून जातो. दिवाळीचं परदेशी पार्सल वसुबारसेला नेऊन दिलंस तर महागातला महाग पर्याय तेवढा उरतो. नवरात्रातच लाग कामाला.

२. खोका सामानाच्या मापाचा घे, घरात पडलाय म्हणून मोठा घेऊ नकोस — हवेचेही पैसे लागतात. कुरिअरवाले काट्यावरचं वजन बघतात आणि खोक्याचं मापही काढतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची, सहसा ५००० ने भागायची, आणि दोन्हींत जे जास्त येईल त्याचे पैसे. आता बघ, ४० बाय ३० बाय ३० चा खोका, आत तीन किलो फराळ. आकडेमोड येते ७.२ किलो! म्हणजे चार किलोंवर नुसती हवा विमानात बसवली. तोच खोका चारही कोपऱ्यांवर वरून कापून, कडा आत मुडपून १५ सेंटिमीटर उंचीचा केलास तर ३.६ किलो. एक कात्री आणि पाच मिनिटं, बाकी काही नाही. खोका मोठा, खिशाला तोटा, हे लक्षात असू दे.

३. चिवड्याची वेगळी जागा करू नकोस — तोच भरण म्हणून वापरायचा. लाडवांचे आणि चकल्यांचे डबे आधी घट्ट बसव आणि मधल्या फटींत चिवड्याच्या लहान लहान पिशव्या दाब. डबे हलत नाहीत, बबल रॅप लागत नाही, आणि जागेचं भाडं खाऊला मिळतं. शेवेचंही असंच करता येतं. करंजी मात्र कशीही ठेव, तुटायचीच. तिला सगळ्यांत वर ठेव आणि दादाला सांग, पहिली ती खा.

४. स्टीलचा डबा पाठवू नकोस, आईने कितीही आग्रह केला तरी — डब्याच्या वजनात लाडवांचा आणखी एक घाणा गेला असता. जाड पिशव्यांत भर आणि बाजारातल्या फरसाणवाल्याकडून सील करून घे. दोन पैसे घेईल, पण तेलाचा डाग खोक्यावर उमटणार नाही.

५. घरच्या काट्यावर वजन करताना खोका, चिकटपट्टी, पत्त्याचा कागद, सगळं धर आणि टप्प्याच्या थोडं आतच थांब — टपालाचे दर टप्प्याटप्प्याने चढतात आणि टप्पा ओलांडणारे दहा ग्रॅम सगळ्यांत महाग पडतात. पुण्याहून मुंबईला स्पीड पोस्टाने कागदपत्रं पाठवायची, तर १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या दरांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंत ५९ रुपये आणि त्यापुढे ५०० ग्रॅमपर्यंत ७० रुपये, वर जीएसटी वेगळा. म्हणून २६० ग्रॅम भरलं तर जाड पुठ्ठ्याची फाइल काढून साध्या पाकिटात घाल.

६. त्याच दरांत सगळ्यांत स्वस्त टप्पा ५० ग्रॅमचा — शहरातल्या शहरात १९ रुपये, बाहेर देशात कुठेही ४७. दाखला, चेक, एखादा करार यांना तेवढं पुरतं. कॉलेजात जाणाऱ्या आपल्या धाकट्याला अर्ज पाठवायचा असेल तेव्हा विद्यार्थ्यांची दहा टक्के सवलत मागायला सांग. न मागता कोणी आठवण करून देत नाही.

७. पुस्तकं फराळाच्या खोक्यात कोंबू नकोस, देशातल्या देशात ती ‘ज्ञान पोस्ट’ने वेगळी पाठव — मे २०२५ पासून ही सेवा आहे: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, आणि पाच किलोंच्या गठ्ठ्याला १०० रुपये, वर कर. जमिनीवरून जातं म्हणून दिवस लागतात, पण गठ्ठा कुठे पोचला ते कळतं. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव हवं, आणि जाहिराती चालत नाहीत. त्यामुळे दिवाळी अंक घेऊन गेलीस तर आधी काउंटरवर दाखव. वाचनालयं सुरू करणाऱ्या गावागावांतल्या पोरांना ही सेवा ठाऊक व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं. कोणी जुनी पुस्तकं देते म्हणाली, की तिला हे नक्की सांग.

८. पिनकोड पाठ आहे असं वाटलं तरी ताडून बघ, आणि पत्त्याशेजारी मोबाइल नंबर लिही — पिन चुकला, लाडू सुकला. हे सहा आकडे आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी देशाला दिले. केंद्रीय दळणवळण मंत्रालयात ते अधिकारी होते, संस्कृतात कविता करत; १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड सुरू झाला. पहिला आकडा विभागाचा (आपला ४, त्यात महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड), पहिले तीन मिळून जिल्ह्याचा सुमार, आणि शेवटचे तीन थेट त्या पोस्टाचे. म्हणून शेवटचा आकडा चुकला तर पार्सल शेजारच्या पोस्टात जाईल, पहिला चुकला तर पार दुसऱ्या राज्यात. मग परत येण्याचं भाडं आणि पुन्हा जाण्याचंही.

९. फौजेतल्या भावाला पाठवायचं असेल तर कुरिअरच्या दुकानात वेळ घालवू नकोस — ५६ एपीओसारख्या पत्त्यावर टपालच पोचवतं. युनिटचं नाव, हुद्दा आणि ९ ने सुरू होणारा पिन, तो सांगेल तसाच्या तसा लिही.

१०. जुना खोका वापर, जरूर वापर, औषधांच्या दुकानातला सगळ्यांत बळकट असतो — पण त्यावरचे सगळे जुने पत्ते आणि बारकोड खरवडून काढ. यंत्राला कुठला नवा, कुठला जुना ते कळत नाही.

११. गावाकडून पुण्यामुंबईला जड माल यायचा असेल, आंब्याची पेटी, तांदूळ, कोकमं, तर एसटीच्या पार्सल ऑफिसात आधी चौकशी कर — घेणारा स्वतः डेपोवर येऊन उचलतो, त्यामुळे घरपोच आणून देण्याचा खर्च त्यात नसतो. डेपो घराजवळ असेल तेव्हाच हो. रिक्षाला तेवढेच पैसे गेले तर काय उपयोग?

१२. परदेशात एकाच गावी जाणारं सामान असेल तर शेजारणींशी बोल — पहिला किलो सगळ्यांत महाग असतो आणि वजन वाढेल तसा किलोमागचा दर उतरतो. तिघींचा मिळून एक खोका, प्रत्येकीच्या पिशवीवर नाव. वाटून द्यायला दादाला सुटीच्या दिवशी दोन घरं फिरावं लागेल, फिरू दे.

१३. कस्टमच्या फॉर्मवर ‘खाऊ’ असं मोघम लिहू नकोस. इंग्रजीत नीट लिही, काय आहे, किती आहे, घरी केलेलं आहे, भेट आहे — कर बसला तर तो सहसा घेणाऱ्याला भरावा लागतो. किंमत खरी लिही, मोठेपणा म्हणून फुगवू नकोस आणि भीतीने एक रुपयाही करू नकोस. ब्रिटनमध्ये भेटवस्तूला ३९ पौंडांपर्यंत आणि युरोपीय संघात ४५ युरोंपर्यंत सूट आहे. अमेरिकेत येणाऱ्या अन्नाची तिथल्या अन्नखात्याला आगाऊ सूचना द्यावी लागते; पण घरी केलेलं, एका माणसाने दुसऱ्याला भेट पाठवलेलं त्यातून वगळलंय. म्हणजे आपल्या हातच्या फराळाला मान आहे बघ! तिथले कराचे नियम २०२५ मध्ये बदलले, टपालखात्याने ऑगस्टमध्ये अमेरिकेची बुकिंग थांबवली आणि १५ ऑक्टोबरला पुन्हा घेतली, म्हणून बेसन भाजायला घेण्याआधी पोस्टात एक फोन कर.

१४. खव्याचं काही पाठवू नकोस, ऑस्ट्रेलियाला तर मुळीच नाही — पेढे, बर्फी तिथल्या बंदरावरच काढून टाकतात, आणि भाडं परत मिळत नाही. त्या देशाला पाठवण्याआधी तूप घातलेल्या जिनसांचंही विचारून घे.

१५. राखी मात्र साध्या टपालाने जाते, स्पीड पोस्टाचे ४७ रुपये कशाला? — राखी चपटी, हलकी निवड, पोस्टात न भिजणारं राखीचं पाकीट मिळतं ते घे, आणि श्रावण लागताच टाक. तिकीट पूर्ण लाव. कमी पडलं तर पोस्टमन कमी पडलेल्याच्या दुप्पट पैसे भावाकडून घेतो, आणि मग भाऊ वर्षभर तुला चिडवतो.

१६. पावतीचा फोटो काढ, पावतीही ठेव — दोन अक्षरं, नऊ आकडे, दोन अक्षरं, एवढ्या नंबरावर पार्सल कुठे आहे ते कळतं, आणि तक्रार करायची वेळ आली तर दुसरा आधार नसतो. पावती हाती, झोप राती. महागाची वस्तू असेल तर तिच्या किमतीचा विमा काढ. लाडवांचा काढू नकोस, ते पुन्हा वळता येतात.

१७. आणि हो, प्लॅस्टिकच्या बरण्या घातल्यास तर त्या परत मागवू नकोस — येण्याचं भाडं बरणीच्या किमतीहून जास्त. दादा मे महिन्यात सुटीवर येईल तेव्हा त्यातच त्याचे मोजे भरून घेऊन येईल.