आकडा उतरला, आजार नाही : पित्तनलिकांच्या एका संशोधनाचा धडा

मोठ्या आतड्याचा दाह आणि यकृतातील पित्तनलिकांचा दाह ही वरवर पाहता दोन भिन्न दुखणी. प्रत्यक्षात मात्र ती पुष्कळदा एकाच रुग्णाच्या देहात एकत्र आढळतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. कीथ लिंडॉर यांनी या आजारावर दीर्घकाळ संशोधन केले. त्यातून मिळालेला धडा डॉक्टर, रुग्ण आणि त्यांचे आप्त या सर्वांच्याच उपयोगाचा असल्याने त्याचा परिचय येथे करून देत आहोत.

आजाराचे स्वरूप

यकृतात तयार होणारे पित्त लहानमोठ्या नलिकांतून आतड्यात उतरते. ‘प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस’ या विकारात या नलिकांना सूज येते, त्यांच्या भिंती जाड व कठीण होतात आणि त्या जागोजागी अरुंद होतात. पित्त तुंबून राहते व कालांतराने सिरोसिस होऊ शकतो. पित्तनलिकांच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. पाश्चात्त्य देशांत या विकाराच्या बहुसंख्य रुग्णांना आतड्याचा दाह, विशेषतः अल्सरेटिव्ह कोलायटिस, असतो. उलटपक्षी, कोलायटिसच्या शंभर रुग्णांपैकी मोजक्यांनाच पित्तनलिकांचा हा विकार जडतो. मृत्यू किंवा यकृत प्रत्यारोपण टाळता येईल असे सिद्ध झालेले औषध आजही हाती नाही.

आशा आणि कसोटी

अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल हे मूलतः अस्वलाच्या पित्तात आढळलेले द्रव्य. ते दिल्यावर या रुग्णांच्या रक्तातील ‘अल्कलाइन फॉस्फटेज’ची वाढलेली पातळी उतरते, हे दिसून आले होते. साहजिकच आशा निर्माण झाली. लिंडॉर यांनी १०५ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. वजनाच्या दर किलोमागे रोज १३ ते १५ मिलिग्रॅम औषध देऊन रक्ताचे अहवाल सुधारले, परंतु आजाराच्या वाटचालीत फरक पडला नाही. २००५ साली स्कँडिनेव्हियातील २१९ रुग्णांवरील अभ्यासात अधिक मात्रा देऊनही निर्णायक लाभ सिद्ध झाला नाही.

मग मात्राच अपुरी पडत असेल काय? हे पडताळण्यासाठी लिंडॉर व सहकाऱ्यांनी १५० रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला दर किलोमागे २८ ते ३० मिलिग्रॅम औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी, परंतु औषध नसलेली गोळी देण्यात आली. सहा वर्षांनी अभ्यास थांबवावा लागला. २००९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अनपेक्षित होता. औषध घेणाऱ्यांचे रक्ताचे अहवाल अधिक चांगले होते. तथापि सिरोसिस, कर्करोग, प्रत्यारोपण, मृत्यू यांसारखे गंभीर टप्पे त्यांच्यापैकी ३९ टक्के रुग्णांनी गाठले. औषध नसलेल्या गटात हे प्रमाण २६ टक्के होते.

आतड्याच्या बाबतीतही तसेच घडले. हे औषध मोठ्या आतड्याच्या कर्करोगापासून संरक्षण देईल, असे पूर्वीच्या काही लहान अभ्यासांवरून वाटत होते. परंतु याच अभ्यासातील कोलायटिस असलेल्या ५६ रुग्णांची माहिती तपासली असता, उच्च मात्रा घेणाऱ्यांत कर्करोग व कर्करोगपूर्व बदल अधिक आढळले. हा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला.

घ्यावयाचा बोध

ज्या औषधावर वर्षानुवर्षे श्रम घेतले, त्याच्याच विरोधात जाणारा निष्कर्ष लिंडॉर यांनी जगापुढे ठेवला. तो दडून राहिला असता, तर सुधारलेल्या अहवालांवर विसंबून कितीतरी रुग्णांना घातक मात्रा मिळत राहिली असती. प्रयोगशाळेचा आकडा ही आजाराची केवळ खूण होय. खूण पुसली म्हणजे आजार गेला, असे नव्हे.

कोलायटिसच्या रुग्णांनी आतड्याबरोबर यकृताच्या रक्तचाचण्याही वेळोवेळी कराव्यात. अंगाला सतत खाज, कावीळ किंवा थंडी वाजून ताप आल्यास विलंब न लावता डॉक्टरांना दाखवावे. पित्तनलिकांचा विकार व कोलायटिस दोन्ही असल्यास, पोट बरे असले तरीही, साधारणतः दरवर्षी दुर्बिणीतून मोठ्या आतड्याची तपासणी करण्याचा सल्ला दिला जातो. हेच औषध योग्य मात्रेत यकृताच्या इतर काही विकारांवर गुणकारी आहे. म्हणून वरील माहितीवरून ते परस्पर बंद करू नये, तसेच अहवाल चांगला यावा म्हणून मात्राही स्वतः वाढवू नये.